८१ बांगडे आणि ८१ सुरमया: कॅच घेणाऱ्या रनिंग बॅकला किती पैसे द्यावेत?

प्रश्न: ताई नमस्कार. मी हर्णैचा, चाळीस वर्षं होडीवर काढली, आता होडी पोरगा बघतो. २०२४ च्या गणपतीत पुतण्या मुंबईहून आला आणि त्याने मोबाईलवर ते अमेरिकन फुटबॉल लावलं, आरती झाली भजन झालं की रात्री साडेदहाला हे सुरू, आधी मी वैतागलो, मग मलाच नाद लागला. गौरी यायच्या दिवशी पहाटे पावणेसहाला त्याने सगळं घर उठवलं, का तर त्याचा तो मॅकॅफ्री खेळणार, आणि तो खेळलाच नाही, पाय दुखावलेला. नंतर कळलं की जूनमध्येच त्याला वर्षाला १ कोटी ९० लाख डॉलरचं काँट्रॅक्ट दिलेलं. पुतण्या म्हणतो तरी कमीच दिलेत, तो बॉल घेऊन पळतो पण आणि कॅच पण घेतो, दोन माणसांचं काम करतो तर दोघांचा पगार द्या. मी म्हणतो आमच्या होडीवर जो तांडेल इंजिन पण दुरुस्त करायचा त्याला मी दोन वाटे कधी दिले नाहीत, दीड दिला. कोणाचं बरोबर? आणि किती द्यायचे ते आकड्यात सांगा.
— एक वाचक, हर्णै

उत्तर: काका, तुमचा दीड वाटा माझ्या हिशोबाच्या अगदी जवळ येतो, पण तिथपर्यंत कसं पोचायचं ते नीट सांगते, कारण पुतण्याचं म्हणणं पण उडवून लावण्यासारखं नाहीये.

ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. क्वार्टरबॅक बॉल फेकतो, वाइड रिसीव्हर लांब पळत जाऊन तो पकडतो, आणि रनिंग बॅक बॉल हातात घेऊन समोरच्या गर्दीत घुसतो. काही रनिंग बॅक असे असतात की ते कॅच पण घेतात, ख्रिश्चन मॅकॅफ्री त्यातला सगळ्यात मोठा. २०१९ ला त्याने पळून १३८७ यार्ड काढले, म्हणजे बॉल तेवढा पुढे नेला, आणि कॅच घेऊन १००५. एकाच सीझनमध्ये दोन्हीकडे हजार करणारे त्याच्या आधी दोघंच, १९८५ ला रॉजर क्रेग आणि १९९९ ला मार्शल फॉक. म्हणजे पुतण्या ज्याच्यासाठी पहाटे उठला तो उठण्यासारखाच माणूस आहे.

पण दोन पगार का नाहीत, तर एका प्लेमध्ये, म्हणजे बॉल एकदा सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत, तो एकच काम करू शकतो. तुमचा तांडेल सुकाणू धरून उभा असताना इंजिन उघडू शकत नाही ना, तसंच. मैदानात अकराच माणसं, तो पळाला तर त्या प्लेमध्ये कॅच नाही, आणि कॅचला गेला तर पळणं नाही. संघाला दुसरा रिसीव्हर तरीही लागतोच.

दुसरी गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. संध्याकाळी हर्णै बंदरात लिलाव होतो तेव्हा ८१ बांगडे आणि ८१ सुरमया यांना एक भाव मिळतो का? इथे लोक नुसते कॅच मोजतात आणि तिथेच फसतात. न्यू ऑर्लीन्सचा अल्विन कमारा, त्याने २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं बरोब्बर ८१ कॅच घेतले, एक कमी नाही एक जास्त नाही, पण यार्ड बघा, पहिल्या वर्षी ८२६, मग ७०९, मग ५३३. टोपलीत नग तेवढेच, वजन दर वर्षी उतरतंय. आणि २०२० ला त्याला ५ वर्षांचं साडेसात कोटी डॉलरचं काँट्रॅक्ट मिळालं.

मॅकॅफ्रीचं २०१९ चं सोन्यासारखं वर्ष घेतलं तरी ११६ कॅचमध्ये १००५, म्हणजे एका कॅचला पावणेनऊ यार्डच्या आत. जस्टिन जेफरसन हा वाइड रिसीव्हर, त्याने २०२२ ला १२८ कॅचमध्ये १८०९ काढले, एका कॅचला चौदाच्या वर. यात रनिंग बॅकची काही चूक नाही, त्याला बॉल मिळतोच प्ले जिथून सुरू होतो त्या लाइनच्या आसपास, बरेचदा क्वार्टरबॅकला पुढे कोणी मोकळं दिसलं नाही की शेवटचा उपाय म्हणून बाजूला उभ्या असलेल्याला देऊन टाकतात. तो कॅच बऱ्यापैकी कोणीही घेऊ शकतो, त्याला जास्त पैसे द्यायची गरज नाही.

मग जास्तीचा अर्धा वाटा कशाचा? समोरच्याला पेचात पाडण्याचा. हा माणूस मैदानात आला की डिफेन्सवाल्यांना कळत नाही काय करावं, दांडगे लाइनबॅकर, म्हणजे लाइनच्या मागे उभे राहणारे डिफेन्सवाले, ठेवले तर हा त्यांना चुकवून मोकळा होऊन कॅच घेणार, आणि ते काढून चपळ हलकी पोरं आणली तर त्यांच्या अंगावरून बॉल घेऊन पळणार. ही भीती आकड्यात दिसत नाही, ज्या प्लेमध्ये त्याला बॉल मिळतच नाही त्यातही ती काम करते, दुसरा कोणीतरी मोकळा सुटतो. मी मॅच बघताना हेच बघते, की तो बाहेर जाऊन रिसीव्हरच्या जागी उभा राहिला तर समोरून कोण त्याच्या मागे जातं. लाइनबॅकर घाबरत घाबरत गेला तर समजायचं हा माणूस पैशाच्या लायक आहे. आणि अजून एक, क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला त्याला अडवता यायला पाहिजे, नाहीतर पासच्या, म्हणजे बॉल फेकायच्या, वेळी त्याला बाहेरच बसवावं लागतं, मग कॅच कसले घेणार.

आता आकडा. २०२४ ला जॉश जेकब्स ग्रीन बेला गेला तो ४ वर्षांच्या ४ कोटी ८० लाखांवर, म्हणजे वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर, चांगल्या धावणाऱ्याचा भाव मी तो धरते. त्याचा दीड वाटा १ कोटी ८० लाख. मॅकॅफ्रीला त्याच्या सॅन फ्रान्सिस्को संघाने दिले १ कोटी ९०. म्हणजे काका, तुमचा होडीवरचा हिशोब आणि सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांचा हिशोब यात फक्त १० लाखांचा फरक.

माझं मत विचारलंत तर अशा पहिल्या दोन-तीन जणांना संघाच्या सॅलरी कॅपमधल्या, म्हणजे सगळ्या खेळाडूंवर मिळून जेवढं खर्च करता येतं त्यातल्या, शंभरातले ७ ते ८ द्यावेत. डॉलरपेक्षा हे माप बरं, कारण कॅप दर वर्षी वाढते आणि नुसता आकडा बघून फसायला होतं. २०२० ला आधीच्या कॅरोलायना संघाने मॅकॅफ्रीला वर्षाला १ कोटी ६० लाख दिले तेव्हा कॅप १९ कोटी ८२ लाख होती, म्हणजे शंभरातले ८. २०२५ ला सेक्वॉन बार्कली वर्षाला २ कोटी ६ लाखांवर गेला, २ कोटी ओलांडणारा पहिला रनिंग बॅक म्हणून केवढं कौतुक झालं, पण कॅप तोवर २७ कोटी ९२ लाख झालेली, म्हणजे शंभरातले साडेसात पण नाहीत. त्याच महिन्यात जमार चेस या रिसीव्हरला वर्षाला ४ कोटींच्या वर, शंभरातले चौदा. आणि बार्कलीला ते पैसे कॅचचे नाही मिळाले हो, २०२४ ला त्याचे कॅच फक्त ३३ होते, मिळाले ते २००५ यार्ड पळण्याचे.

जो फक्त पासच्या वेळीच आत येतो त्याचा भाव वेगळा, त्याला ४० ते ७० लाख पुष्कळ झाले असं मी म्हणेन. न्यू इंग्लंडचा जेम्स व्हाइट, २०१७ च्या फेब्रुवारीतल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, १४ कॅच आणि तीन टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं), त्यानंतर त्याला ३ वर्षांचे १ कोटी २० लाख मिळाले, वर्षाला ४० लाख. तो मला थोडा स्वस्तात गेला असं अजून वाटतं.

पण काका, माझी खरी तळमळ आकड्याची नाहीये, वेळेची आहे. मॅकॅफ्रीने ते हजार-हजारचं वर्ष केलं तेव्हा तो ड्राफ्टमधल्या, म्हणजे संघ कॉलेजातली पोरं निवडतात तेव्हाच्या, पहिल्या काँट्रॅक्टवर होता, चार वर्षांचे मिळून पावणेदोन कोटींच्या आत. मोठे पैसे मिळाले २०२० ला, आणि त्या वर्षी तो ३ मॅच खेळला, पुढच्या वर्षी ७. मग सॅन फ्रान्सिस्कोला गेला, २०२३ ला लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला, पुन्हा मोठं काँट्रॅक्ट, आणि तुम्ही पहाटे उठलात त्या २०२४ च्या सीझनला ४ मॅच. प्रत्येक वेळी पैसे मागच्या मोसमाच्या मासळीचे आणि जाळं तोवर फाटलेलं. यात मालकाचं पण नुकसान आणि खेळाडूचं पण, कारण बहुतेकांना ते दुसरं काँट्रॅक्ट मिळतच नाही, अंग आधीच झिजतं. म्हणून मी म्हणते ड्राफ्टचे पोरगे दुसऱ्या वर्षीच चमकले तर तिथेच त्यांचा पगार वाढवायची मुभा नियमात पाहिजे, आणि नंतरचं काँट्रॅक्ट दोन वर्षांचंच करावं, पण त्यातला पैसा पूर्ण गॅरंटीचा.

प्रश्न: ताई, मी चिपळूणला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. ले'व्हियन बेल म्हणून एक खेळाडू पैशासाठी पूर्ण वर्ष घरी बसला असं वाचलं. एवढे पैसे नाकारून त्याने मूर्खपणा केला असं घरी सगळे म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?
— एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर: मूर्खपणा अजिबात नाही गं. २०१७ ला तो पिट्सबर्गसाठी पळत तर होताच, वर ८५ कॅच घेतले होते. २०१८ ला संघाने त्याला फ्रँचायझी टॅग लावला. टॅग म्हणजे काय, की तुझं काँट्रॅक्ट संपलं तरी संघ तुला एक वर्ष अडवून ठेवू शकतो, त्या जागेवर खेळणाऱ्यांचे जे वरचे पगार आहेत त्या हिशोबाने एका वर्षाचे पैसे देऊन. रक्कम होती साधारण १ कोटी ४५ लाख. मोठी आहेच, पण एका वर्षाची, गुडघा गेला तर पुढच्या वर्षी हात रिकामे. आणि तू कॉमर्सची आहेस म्हणून सांगते, खरी मेख त्या 'जागेवर' या शब्दात आहे. २०२३ ला रनिंग बॅकचा टॅग १ कोटी ९१ हजार आणि वाइड रिसीव्हरचा १ कोटी ९७ लाख, जवळजवळ दुप्पट. म्हणजे तू निम्मा वेळ रिसीव्हरचं काम कर, कागदावर रनिंग बॅक लिहिलंय ना, मग पैसे रनिंग बॅकचेच.

या शब्दावरून भांडण लवादापर्यंत पण गेलंय. २०१४ ला जिमी ग्रॅहम म्हणाला मी टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि कॅचही घेणारा) नाही, मी बहुतेक वेळा रिसीव्हरच्या जागी उभा असतो, मला तो टॅग द्या. निकाल त्याच्या विरुद्ध लागला. टाइट एंडचा टॅग सुमारे ७० लाख आणि रिसीव्हरचा १ कोटी २३ लाख, एका शब्दाची किंमत ५० लाखांच्या वर.

बेलला शेवटी २०१९ ला न्यूयॉर्क जेट्सने ४ वर्षांचे ५ कोटी २५ लाख कबूल केले, पण खेळ पूर्वीसारखा राहिला नाही आणि २०२० च्या ऑक्टोबरात त्याला सोडून दिलं. पैशाच्या हिशोबात त्याचं नुकसान झालं असं म्हणता येईल. पण त्याने विचारलेला प्रश्न बरोबर होता, की मी जे काम करतो त्याचे पैसे द्या, माझ्या नावापुढे काय लिहिलंय त्याचे नको. माझ्या मते टॅगची रक्कम तो माणूस किती प्लेमध्ये कुठे उभा राहिला त्या प्रमाणात वाटून काढावी, हे सगळं मोजलं जातंच, फक्त द्यायची इच्छा नाहीये. घरच्यांना एवढंच विचार की त्यांच्या ऑफिसात दोन टेबलांचं काम एकाकडे दिलं तर ते गप्प बसतील का.

प्रश्न: मी पेण तालुक्यात कबड्डी खेळतो, वय १९, रेड पण करतो आणि कोपऱ्यात पण पकडतो. प्रो कबड्डीत ऑलराउंडरला जास्त पैसे मिळतात का? का एकच धरून ठेवू?
— एक खेळाडू, पेण

उत्तर: तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, मी पण कॉलेजात डाव्या कोपऱ्यात खेळले. तर बघ, २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूला ऑलराउंडर म्हणून २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतलं, आणि त्याच लिलावात पवन सेहरावत हा रेडर २ कोटी ६० लाखांच्या वर गेला. म्हणजे दोन्ही करणाऱ्याला भाव आहे पण दुप्पट नाही, इथे पण तेच. आणि शादलूने त्या सीझनमध्ये नाव कशावर काढलं? पकडीवर, ९९ टॅकल पॉइंट. रेड हा वरचा अर्धा वाटा.

म्हणून एक काम असं पक्कं कर की निवड समितीने फक्त त्यासाठी तुला घ्यावं. तुझी पकड कुठे धरते, घोट्यावर की मांडीवर, ते प्रशिक्षकांकडून तपासून घे, कोपऱ्यातला माणूस घोट्यावरच जगतो. रेड सोडू नकोस, पण दिवसाला पन्नास रेड मारून गुडघा संपवू नकोस. पवनला २०२२ ला २ कोटी २६ लाखांना घेतलं होतं आणि पहिल्याच मॅचमध्ये गुडघा गेला, पूर्ण सीझन बाहेर. आणि कुठल्याही संघाशी लेखी करार करायची वेळ आली तर किती मिळणार याच्या आधी हे विचार, की सरावात दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण देणार आणि राहिलेले पैसे मिळणार का. हे कागदावर घे, तोंडी नको, समोरचा कितीही ओळखीतला असला तरी.