हर्लिंग पहिल्यांदा बघताय? मग एवढंच करा

हर्लिंग म्हणजे आयर्लंडचा काठी-चेंडूचा खेळ. त्यात चेंडू दिसतच नाही, ही तक्रार सगळ्यांचीच असते. मीही पहिला सामना नुसते डोळे ताणून वाया घालवला. चेंडूचा पाठलाग सोडा. तो जिथे उतरणार तिथे घोळका जमतो, तिकडे बघा. अ‍ॅश झाडाच्या लाकडाच्या त्या काठ्यांच्या गर्दीतून एक उघडा हात वर येतो आणि चेंडू अलगद टिपतो. मला विचाराल तर अख्ख्या खेळाचा जीव त्या झेलात आहे.

सध्या दोनच गोष्टी पक्क्या करा:

- चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून गेला तर १ गुण, पांढरा झेंडा. खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ गुण, हिरवा झेंडा.
- गुणफलकावर आधी गोल, मग गुण. २०२४च्या ऑल-आयर्लंड स्पर्धेची अंतिम लढत, दोन काउंटींच्या संघांत: क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. चौतीस बघून कॉर्क जिंकलं वाटतं ना? हिशेब करा. ३८ विरुद्ध ३७!

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे याला हॉकी समजून दर धडकेला फाउल शोधणं. खांद्याला खांदा इथे चालतो. (आणि हो, हे सगळे हौशी खेळाडू, सोमवारी आपापल्या कामावर हजर.) बाकीचे नियम नंतर. पहिला सामना मात्र आयर्लंडच्या मन्स्टर प्रांताचाच निवडा.