टॅब येण्याआधी काय करायचं?

वर्गात टॅबवर शिकवणं पहिल्यांदाच करताय ना, मग खरेदीची यादी आधी बाजूला ठेवा. 'प्रत्येक मुलाला टॅब' ही नुसती खरेदी झाली, तिला योजना म्हणू नका. एक वर्ग, एक विषय घ्या. मला विचाराल तर तिसरीचं गणित. मूल नेमकं कुठे अडलंय ते तिथे लगेच दिसतं: कुणाची हातच्याची वजाबाकी चुकते, कुणाला स्थानिक किंमतच कळलेली नसते. ही नोंद साध्या वहीत केली तरी चालते. तिच्यावरून गट पाडा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी मोडून पुन्हा बांधा. गट कायमचे झाले की मुलं स्वतःला 'ढ' समजायला लागतात, आणि तो शिक्का पुसता पुसत नाही.

३० मुलांना १० टॅब पुरतात. एक गट टॅबवर, एक वहीत, एक तुमच्याजवळ. १५ मिनिटांनी अदलाबदल. खरं शिकणं तुमच्याजवळच्या गटात होतं, टॅब फक्त तुम्हाला तेवढी सवड काढून देतो.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- एकदम चार अ‍ॅप. एकच घ्या, वर्षभर वापरा.
- इंटरनेट गृहीत धरणं. कोलिब्री या शिकण्याच्या सॉफ्टवेअरसारखं ऑफलाइन चालणारं काहीतरी हाताशी असू द्या.
- चार्जिंगला कोण लावणार, हे न ठरवणं. (हसू नका, आमचा पहिला महिना यातच गेला.)
- पहिलीतल्या मुलांना लांबलचक पासवर्ड. चित्राने किंवा क्यूआर कोडने लॉगिन होतं का बघा.

मुलांची कोणती माहिती अ‍ॅप गोळा करतं, हे पालकांनी विचारायच्या आत तपासून ठेवा. डॅशबोर्ड (मुलांची प्रगती आकड्यांत दाखवणारं पान), एआय वगैरे पहिल्या सत्रात नकोच. एवढं बसलं की विचारा, तेव्हा बोलू.