डान्सबारबंदी कोर्टात का टिकली नाही?

थोडक्यात सांगायचं तर, बड्या हॉटेलांना सूट दिली तिथेच गाडं अडलं.

२००५ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब ही कलमं आली. पहिल्याने साध्या परमिट रूममधला नाच बंद केला. दुसऱ्याने जिमखाने, क्लब आणि तीन किंवा जास्त तारे असलेली हॉटेलं वगळली. म्हणजे नाच तोच, पण स्वस्त जागी केला की अश्लील! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तेच कायम ठेवलं. दरम्यान हजारो बारबालांचा रोजगार गेला तो गेलाच.

शेजाऱ्यांचा त्रास मात्र खोटा नव्हता. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच असा एक बार होता. रात्री दीडला शटर अर्धं खाली यायचं, मग रिक्षांचे हॉर्न आणि बिलावरून शिवीगाळ. सकाळी दूध आणायला जाताना पायरीवर दहाच्या नोटांच्या हाराचा तुटका दोरा पडलेला असायचा. पण यावर वेळ पाळायला लावणं पुरलं असतं, असं माझं मत.

डान्सबारवर कडक अटी घालणारा राज्याचा २०१६ चा नवा कायदाही २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बराच छाटला गेला. बारमध्ये सीसीटीव्हीची सक्ती गेली, शाळा-देवळापासून एक किलोमीटरची अटही गेली (मुंबईत अशी जागा दाखवाच!). संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळ राहिली. नोटा उधळायच्या नाहीत. टीप द्यायला हरकत नाही.