केसपेपरवर ‘ओपिऑइड ॲलर्जी’ दिसली तर

घाबरू नकोस, पण तो लाल शेरा बघून पेशंटला कण्हतही ठेवू नकोस. ओपिऑइड म्हणजे मॉर्फिनसारखी तीव्र वेदनाशामकं, आणि त्यांच्या अशा बहुतेक नोंदी खऱ्या ॲलर्जीच्या नसतातच. मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी हे दुष्परिणाम. मॉर्फिन शिरेतून भरकन दिलं की मास्ट पेशींतून थेट हिस्टामिन (खाज-लाली आणणारं रसायन) सुटतं, शिरेवर लाल रेघ उठते, नाक खाजतं. तीही बहुधा ॲलर्जी नव्हे.

आधी हे विचार:
- औषध कोणतं, गोळी की इंजेक्शन?
- किती वेळाने त्रास झाला?
- अंगभर गांधी, ओठ-जिभेला सूज, धाप, बीपी पडणं?
- ॲड्रेनलिन (तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) द्यावं लागलं का?

शेवटच्या दोहोंपैकी काही असेल तर खरी ॲलर्जी धर आणि सीनिअरला हाक मार.

नेहमीची चूक म्हणजे मॉर्फिनऐवजी कोडीन. दोन्ही एकाच रासायनिक कुळातली, शिवाय कोडीनचं शरीरात काही प्रमाणात मॉर्फिनच होतं! फेंटानिलचं कूळ वेगळं, हिस्टामिनही जवळजवळ सुटत नाही. तरी पहिला डोस छोटा, मॉनिटर लावून. ट्रामाडॉल ‘सौम्य’ म्हणून सर्रास लिहितात, पण ओपिऑइडची ॲलर्जी असल्यास ते देऊ नये, असं त्याच्या माहितीपत्रकातच असतं. त्याने फिट्स येऊ शकतात, म्हणून आधी कधी फिट्स आल्या होत्या का तेही विचार.

वेदना कमी करण्याचा पाया पॅरासिटामॉलचाच: यकृत ठीक, वजन ५० किलोच्या वर, तर १ ग्रॅम दर ६ तासांनी.

आणि नोंद सुधार. नुसतं ‘ॲलर्जी’ नको. ‘मॉर्फिन शिरेतून, १० मिनिटांत खाज, बीपी ठीक’ असं लिही.