कूस बदलली की घर फिरतं

प्रश्न : आईचं वय ६२. महिनाभरापासून उजव्या कुशीवर वळली की तिला घर गरगर फिरल्यासारखं वाटतं, मळमळतं. अर्ध्या मिनिटात थांबतं. फडताळातला वरचा डबा काढताना मान वर केली तरी तेच. एक्स-रेत मानेचे मणके झिजलेले दिसले म्हणून पट्टा दिलाय, चक्करेच्या गोळ्याही चालू आहेत. फरक नाही. काय करावं?

उत्तर : साठीत मणक्यांची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, तिच्यावर या चक्करेचं खापर फोडू नका. वर्णन आतल्या कानाचं आहे. तिथले कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरतात. डोकं हललं की ते घरंगळतात, नळीतला द्रव सरकतो, आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. याला बीपीपीव्ही म्हणतात. गोळीने मळमळ दबते, खडे हलत नाहीत.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘डिक्स-हॉलपाईक तपासणी कराल का?’ असं स्पष्ट विचारा. बसल्या जागी मान ४५ अंश उजवीकडे वळवून झटकन उताणं निजवतात, डोकं पलंगाच्या कडेखाली २०-३० अंश. काही सेकंदांनी बुबुळं वर आणि खालच्या कानाकडे गोल झटके देऊ लागतात, मिनिटाच्या आत थांबतात. निदान इथेच होतं. मग डावी बाजूही पाहायची. चक्करेच्या गोळ्यांनी हे झटके झाकले जाऊ शकतात. आधी किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारून घ्या.

उजवा कान ठरला तर तिथूनच एपली, म्हणजे डोकं टप्प्याटप्प्याने वळवून खडे नळीबाहेर काढायची कृती : झटके थांबेपर्यंत, निदान ३० सेकंद, तसंच; डोकं न उचलता ९० अंश डावीकडे; मग अंगासकट डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे; शेवटी हनुवटी छातीला लावून उठायचं. प्रत्येक टप्प्याला तेवढंच थांबायचं. फसतं ते बहुधा मधेच डोकं उचलल्याने, घाईने, किंवा चुकीच्या कानावर केल्याने. मधे गरगरेल; घाबरून उठू देऊ नका. पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच करून घ्या, मानेचा त्रास आधी सांगा. पुष्कळांना एक-दोन खेपांत आराम पडतो. नंतर बसून झोपायची गरज नाही.

चक्कर सलग राहिली, बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळे पडले किंवा चालताच येईना, तर हे कानाचं समजू नका. तडक इस्पितळ गाठा.