मेथड कॉल ‘केली’ की ‘केला’?

नाशिकरोडहून एका विद्यार्थिनीने विचारलंय: प्रोग्रामिंगच्या टिपणांत ‘पद्धतीची (म्हणजे मेथडची) व्याख्या करा व तिला आवाहन करा’ असं छापलंय, वर्गात मात्र सगळे ‘मेथड लिहिली, मेथड कॉल केली’ म्हणतात. बरोबर कोणतं? आणि फोनचा कॉल ‘केला’, तर मेथड कॉल ‘केली’ कशी?

मेथड म्हणजे एखाद्या वस्तूला जोडलेला, नाव दिलेला कोडचा तुकडा, आणि ती कॉल करणे म्हणजे ते काम करवून घेणे. शेवटचा प्रश्न आधी घेतो, खरी गंमत तिथेच आहे. ‘तिला कॉल केला’ यात कॉल हे नाम आहे आणि कर्मही तेच, म्हणून ‘केला’. ‘मेथड कॉल केली’ यात कर्म मेथड. ‘कॉल करणे’ हे अख्खं जोडक्रियापद, ‘साडी पसंत केली’मधल्यासारखं. फंक्शन (वस्तूला न जोडलेला तसाच तुकडा) असेल तर आपण ‘कॉल केलं’ म्हणतो. हे कुणी शिकवलेलं नाही, तरी कुणी चुकत नाही. शब्द इतका मुरला असेल तर त्याला हुसकावून ‘आवाहन’ आणायचं कशाला? पंचवटीत गुरुजी पूजेला बसले की आवाहन देवतेचं होतं, सोळा उपचारांतला तो पहिला. पाच ओळींच्या कोडसाठी एवढा थाट नको.

‘व्याख्या’ मात्र नुसती जड नाही, चूक आहे. व्याख्या म्हणजे अमुक म्हणजे काय, हे सांगणं. मेथडमध्ये काय काय करायचं ते लिहिलेलं असतं, आणि त्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात शब्द तयारच आहे: साहित्य आणि कृती. मिसळीची कृती वहीत उतरवली म्हणून रस्सा उकळत नाही. तसं मेथड लिहिल्याने काही घडत नाही, कॉल केल्यावर घडतं. मराठीच हवं असेल तर ‘कृती लिहिणे’ आणि ‘कृती करायला सांगणे’ म्हणा.

पण सांगायचं कुणाला? इथे मराठी व्याकरण फार कामाला येतं. पायथन 3 या प्रोग्रामिंग भाषेत नावं देवनागरीत देता येतात, म्हणून रामकुंडाजवळच्या नारोशंकराच्या घंटेचंच उदाहरण घेऊ. (चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला नाशिककर अजून ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात.) साधं फंक्शन असेल तर वाजव(घंटा) असं लिहू: वाजवणारा दुसरा कुणी, घंटा हे कर्म. मेथड असेल तर घंटा.वाज() असं लिहायचं. ‘वाजव’ नव्हे, ‘वाज’! सकर्मक जाऊन अकर्मक आलं, आणि कर्म होतं ते कर्ता झालं. मधलं टिंब म्हणजे जणू संबोधन: ‘घंटे, वाज.’ स्मॉलटॉक या जुन्या भाषेत तर याला कॉल म्हणतच नाहीत. तिथे ऑब्जेक्टला (आपल्या घंटेसारख्या वस्तूला) निरोप धाडतात. मला विचाराल तर तेच जास्त मराठी वाटतं.

कंस विसरून नुसतं घंटा.वाज लिहिलंत तर पायथन चूकही दाखवत नाही आणि घंटाही वाजत नाही. नाव घेतलंत, काम सांगितलंच नाहीत.

याच विद्यार्थिनीने आणखी एक तक्रार केली आहे. तिने मेथड लिहिताना कंस रिकामा ठेवला, कॉल करतानाही रिकामा, तरी पायथन म्हणतं की ही मेथड शून्य आर्ग्युमेंट (कॉल करताना कंसातून द्यायच्या गोष्टी) घेते आणि तुम्ही एक दिलं. ‘मी तर काहीच दिलं नाही!’ दिलंत की. टिंबाच्या डावीकडे जिला हाक मारलीत ती घंटाच गुपचूप पहिलं आर्ग्युमेंट होऊन आत जाते. म्हणून लिहिताना कंसात तिच्यासाठी जागा ठेवायची. प्रथा ‘सेल्फ’ लिहायची आहे, पण ‘स्व’ लिहिलंत तरी चालतं. मी करून पाहिलंय.