रिटायर होऊन सोलापूरला परत यायचंय, म्हातारपण रिकामं जाऊ नये म्हणून आत्तापासून काय तयारी करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ५६, पुण्यात कंपनीत नोकरी, चार वर्षांनी रिटायर, पैशाचं बऱ्यापैकी झालंय, पोरं मार्गी लागलीत, आता गावाकडं येऊन काहीतरी अर्थपूर्ण करायचंय आणि त्याची यादी पण तयार आहे, बासरी, बागकाम, प्रवास, राहिलेलं वाचन. यादी चांगलीय. पण यातलं एकही वर्षभर टिकणार नाही असं मला वाटतंय, राग मानू नका. माझ्या यादीत पेटी होती. हौसेनं घेतली, सहा महिने सारेगम केलं, आता तिच्यावर लोणच्याच्या बरण्या आहेत.

मी ६८ वर्षांचा. सूतगिरणीत टाइम ऑफिसला होतो, म्हणजे कोण किती वाजता आला, कुणाची कुठली पाळी, कुणाचा पीएफ किती कापला, सगळं माझ्या वहीत. ३१ वर्षं हेच. २०१५ ला ५८ पुरे झाले, हार घातला, नारळ दिला, घरी आलो. आणि घरात बसून काय करायला लागलो तर हजेरी! दूधवाला ६.१०, पेपर ६.४०, भांडेवाली ९.२५, काल ९.०५ होती. हे मी कॅलेंडरवर लिहायचो. हसू नका, माणसाची सवय अशी जात नाही. मित्र भेटला की विचारायचा, काय करलालाव बे दिवसभर? मी म्हणायचो, आराम. आराम कसला, चिडचिड नुसती, शुगर निघाली ती पण त्याच वर्षात.

दीड वर्षानं भांडेवालीनं काम सोडलं. मी तिला तोंडावर म्हणलं होतं की या महिन्यात तुझे तीन लेट मार्क झाले. आमच्या हिनं मग दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं की तुम्ही घालवलीय, तुम्हीच जाऊन माफी मागून आणा.

गेलो. सोलापूरच्या पूर्व भागात घर. आत तिची सासू मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेली, सत्तरीची असेल, तेलुगू बाई, मराठी मोडकंतोडकं. सुनेनं चहा ठेवला तोवर बोलता बोलता निघालं की म्हातारीची पेन्शन सात महिने झाले आलीच नाही. बिडी कामगारांना पीएफ असतो, त्यातली ही पेन्शन, कमीत कमी हजार रुपये, २०१४ पासून तोच आकडा. आपल्याला हजार म्हणजे एका जेवणाचं बिल, तिची महिन्याची बीपीची गोळी आणि तेल त्यात यायचं. बंद का पडली तर हयातीचा दाखला भरला नव्हता, आणि भरला का नाही तर मशीनवर अंगठाच लागत नव्हता. चाळीस वर्षं तेंदूचं पान वळून वळून बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. म्हणाली, मी जिवंत हाय की सार, मशीन नाय म्हणतंय.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मीच गेलो. दहाची दहा बोटं धुवून, पुसून, थोडं तेल लावून एकेक करून बघितली, शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. मागची थकलेली पेन्शन पण जमा झाली. पुढच्या मंगळवारी आमच्या दारात चार बायका उभ्या. भांडेवाली पण परत आली, लेट मार्क माफ.

तेव्हापासून आजतागायत मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा, मी गल्लीतल्या देवळाच्या ओट्यावर बसतो. कामं तीच ती. पीएफला लग्नाआधीचं नाव आणि आधारला सासरचं, जन्मतारीख एकीकडं १ जून आणि दुसरीकडं १ जानेवारी, दहा वर्षं नोकरी झालीय पण पेन्शन मागायला १०-डी फॉर्म भरायचा असतो हेच कुणी सांगितलेलं नाही. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते पण ५८ च्या आत जेवढी वर्षं लवकर तेवढे दरवर्षी चार टक्के कमी होतात, हे समजावून सांगावं लागतं, नाहीतर घाईनं अर्ज करतात आणि जन्मभर कमी घेतात. सगळ्या नोव्हेंबरातच गर्दी करतात, खरं तर या पेन्शनचा दाखला वर्षात कधीही भरता येतो आणि भरल्या दिवसापासून बारा महिने चालतो. २०२२ पासून मोबाईलवर चेहरा दाखवून पण होतो, त्यामुळं बोटांचं दुखणं संपलं. आता डोळे मिचकवा म्हणलं की सगळ्या हसतात.

एक नियम पहिल्या दिवसापासून ठेवलाय, कुणाचं एटीएम कार्ड हातात घ्यायचं नाही, पिन ऐकायचा नाही, ओटीपी आला तर त्या बाईनंच वाचायचा नाहीतर तिच्या पोरानं. आणि पैसे घ्यायचे नाहीत. शेंगाचटणी घेतो, ती नाकारली तर त्यांना राग येतो.

हे सगळं पाल्हाळ कशासाठी लावलं तर एवढ्यासाठी की पेटी का पडून राहिली आणि हे का चाललं याचा मी बराच विचार केलाय. पेटी वाजवली नाही तर कुणाचं काही अडत नव्हतं. मंगळवारी मी गेलो नाही तर सव्वाचारला फोन येतो, सार बरं नाही का? नोकरीत पगारापेक्षा हेच असतं हो, आपण नाही गेलो तर कुणीतरी विचारतं, ते रिटायरमेंटच्या दिवशी एकदम तुटतं आणि माणूस म्हणतो वेळ जात नाही. तुमच्या यादीत असं एक तरी काम घाला. बासरीच हवी असेल तर एकट्यानं यूट्यूबवर शिकू नका, एखाद्या भजनी मंडळात जाऊन बसा, गुरुवारी तुम्ही आला नाहीत तर त्यांची चाल बिघडली पाहिजे. बायकांना हे उपजत कळतं बहुतेक, आमच्या हिचं मंडळ तीस वर्षं चालू आहे, तिला कधी वेळ घालवायचा प्रश्न पडला नाही.

आणि नवीन काहीतरी शोधत बसू नका, तुम्ही आयुष्यभर जे केलं त्यातलंच कुणाला तरी लागत असतं. मला वाटायचं टाइम ऑफिसचा कारकून, बाहेर त्याला कोण विचारतंय. पण पीएफच्या कागदातली खोच मला माहीत होती आणि त्या बायकांना नव्हती. तुम्ही कंपनीत काय करता ते लिहिलं नाही, अकाउंट्स, स्टोअर, मशिनरी काहीही असो. चार वर्षं हातात आहेत तर आत्ताच महिन्यातले दोन रविवार द्या कुठंतरी. रिटायर झाल्यावर सुरू करू म्हणाल तर माझ्यासारखं दीड वर्ष कॅलेंडरवर जाईल.

सोलापूरला येण्याबद्दल पण सांगतो. तुम्ही हुतात्मा एक्स्प्रेसनं येता ते दिवाळीला नाहीतर गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, तेव्हा गाव गोडच वाटतं, थंडी, हुरडा, काठ्यांची मिरवणूक. मे महिन्यात येऊन सलग तीन आठवडे राहून बघा. पारा ४२-४३, दुपारी रस्त्यावर कुत्रं नसतं, नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि ते भरायला कुणीतरी घरात लागतंच. शाळेतले मित्र निम्मे पुण्यालाच गेलेत, हे पण आल्यावर कळतं. एवढं सोसलं आणि तरी राहावंसं वाटलं तर या, जुळे सोलापूर, विजापूर रोड, कुठंही घर घ्या, फक्त तळमजला नाहीतर लिफ्ट बघा.

तब्येतीचं थोडक्यात. नुसतं चालणं पुरत नाही, हे मला उशिरा कळलं. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं हा हिशेब सगळे सांगतात, पण पासष्टीनंतर तोल सांभाळायचा आणि स्नायूंचा व्यायाम पण तितकाच लागतो, म्हातारा माणूस एकदा बाथरूममध्ये पडला की पुढचं सगळं प्लॅनिंग फुकट. मी सिद्धेश्वर तळ्याकडं चालून येतो, उन्हाळ्यात सातच्या आत घरी, आणि आल्यावर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठतो-बसतो. भिंतीजवळ उभं राहून एका पायावर दात घासतो. ही हसते, हसू दे. कडक भाकरी अजून चावता येते, ती बंद झाली की मी म्हातारा झालो असं समजेन.

पैशाचं झालंय म्हणता म्हणून जास्त बोलत नाही. साठ झाले की पोस्टातली सिनियर सिटिझन योजना बघा, तीस लाखांपर्यंत भरता येतात, एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के दर आलाय, आणि तुम्ही भरता त्या दिवशीचा दर पाच वर्षं तोच राहतो. सत्तरीनंतर आयुष्मानचं पाच लाखांच्या उपचाराचं कार्ड उत्पन्न कितीही असलं तरी मिळतं. घर मात्र जिवंतपणी पोरांच्या नावावर करू नका, पोरं कितीही चांगली असू द्यात, मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार पुरतात. बक्षीसपत्र करायचंच असेल तर आम्हाला सांभाळायचं ही अट त्यात लिहूनच घ्या, ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यानं नंतर दाद मागायची वेळ आली तर ती ओळ कामाला येते.

शेवटचं एक, जे माझ्या पण डोक्यात उशिरा आलं. गुडघे कधीतरी जाणार, मग ओट्यापर्यंत कोण जाणार? म्हणून दोन वर्षांपासून त्याच गल्लीतल्या दोन कॉलेजच्या पोरींना बसवतोय शेजारी. मोबाईलचं त्या माझ्यापेक्षा फास्ट करतात, तेलुगू तर त्यांचं घरचंच. आता मी फक्त अडलेले कागद बघतो आणि ते खुर्चीत बसून पण जमतं, उद्या घरी बसूनही जमेल. त्यातल्या एकीनं परवा मला सांगितलं, सर तुम्ही पाच मिनिटं लेट आलात.

मे महिन्यात आलात तर मंगळवारी चारला या ओट्यावर. जवळचा चष्मा आणा, जुन्या पीएफ स्लिपवरचं अक्षर लै बारीक असतं.